पहाटे घोड्यांचा तबेला, दिवसा नीटचा अभ्यास : पशुवैद्यकला जायचंय, हे दोन्ही जमेल का?

टापांचा_आवाज

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबलाय.

मी लालबागला राहते. यंदा बारावी झाली. नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत, मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष ड्रॉप घेतलाय. मला एमबीबीएस करायचं नाही, कधीच करायचं नव्हतं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी करायचीय आणि मिळालं तर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजलाच. त्या कॉलेजच्या भिंतीला लागून मी लहानपणापासून ये-जा करतेय.

जूनपासून पहाटे एका रायडिंगच्या तबेल्यात कामाला जाते. पगार नाही, मी मागितलाही नाही. पावणेपाचला उठायचं, सायकलने सव्वापाचला पोचायचं. लीद काढायची, ओला भुसा बाजूला करून कोरडा पसरायचा, बादल्या घासून पाणी भरायचं, खरारा करायचा, चारही खूर उचलून आकड्याने साफ करायचे. पावसाळ्यात खुरांचं काम सगळ्यात जास्त. जमीन सतत ओली, त्यामुळे तळवा मऊ पडतो आणि कुजल्याचा एक वास येतो. तो वास आता मला घोड्यापासून दोन हात लांब उभी असतानाच कळतो. साडेआठला घरी, आंघोळ, मग क्लास.

मला सगळं शिकवतात ते तिथले सायस काका, घोड्यांची निगा राखणारे. (माझे आजोबा मोतद्दार म्हणायचे, पण तबेल्यात सायसच म्हणतात.) काकांची शाळा चौथीनंतर सुटली. पण तबेल्यात शिरल्याबरोबर ते कुठल्याही घोड्याला हात लावत नाहीत. आधी नुसते पॅसेजमधून चालत जातात आणि परत येतात. आधी मला वाटायचं ते सावकाश कामाला लागतात.

ऑक्टोबरमध्ये एका पहाटे ते चांदणीच्या ठाणापाशी थांबले आणि म्हणाले, "हिने रात्री लीद कमी टाकलीय. दोन ढीग कमी आहेत." चांदणी म्हणजे आमची चौदा वर्षांची घोडी. तोपर्यंत ती शांत उभी होती. मग तिने चंदीला (दाण्याला) तोंड लावलं नाही. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, आणि सहा वाजता खाली बसून लोळायचा प्रयत्न करू लागली. पोटशूळ. काका तिला उठवून चालवत राहिले आणि मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी फोनवर पहिलं विचारलं, "नाडी किती?" मी जबड्याखालची धमनी शोधली, हात थरथरत होता, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं. ५६. काकांनी परत मोजायला लावली, कारण पहिल्यांदा घाबरून मी चुकले असेन. पुन्हा ५६ च.

डॉक्टर आले, गुदमार्गातून हात घालून तपासलं, नाकातून नळी जठरात सोडली, वेदनाशामक दिलं, नळीतूनच लिक्विड पॅराफिन दिलं. मी साडेतीन तास तिची दोरी धरून उभी होते. अकराच्या सुमाराला तिने लीद टाकली आणि काका तिच्या मानेला कपाळ टेकवून उभे राहिले.

त्याच दिवशी नऊला माझी क्लासची मोठी मॉक टेस्ट होती. गेले नाही. बाबा खूप चिडले. ओरडले नाहीत, पण रात्री एवढंच म्हणाले, "तुला घोड्यांचा डॉक्टर व्हायचंय की घोड्यांचा सायस, ते ठरव." सायस या शब्दात मला काही कमीपणा वाटत नाही, पण बाबांना काय म्हणायचंय ते कळलं.

तर मला जाणकारांना विचारायचंय. या कामाचा प्रवेशाला काही उपयोग होतो का? फॉर्ममध्ये कुठे लिहिता येतं का? आणि नीटला सहा-सात महिने उरलेत, तर सोडू का?

दोन_ड्रॉपचा_बाप

तुमच्या वडिलांच्या बाजूने लिहितोय, रागवू नका.

माझ्या मुलाने दोन ड्रॉप घेतले. पहिल्या वर्षी तो संध्याकाळी क्रिकेटचं कोचिंग करायचा. "दोनच तास" म्हणत. पण ते दोन तास नसतात. जाणं, येणं, दमणं, जेवून झोप येणं हे सगळं त्यात धरावं लागतं. तुमचे रोजचे सव्वातीन तास दिसतात, प्रत्यक्षात पाच जातात. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एवढ्यातेवढ्याने शेकडो मुलं पुढे जातात.

घोडे पुढच्या वर्षीही असतील. तबेला मेपर्यंत बंद करा, परीक्षा झाल्यावर दिवसभर तिथेच राहा. दुसरा ड्रॉप घरावर कसा बसतो ते मी पाहिलंय. मुलगा आमच्याशी जेवताना बोलायचा बंद झाला होता.

निवृत्त_पशुवैद्य

मुली, आधी सरळ उत्तर देतो, कारण त्यावर तुझं वर्ष अवलंबून आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यकच्या प्रवेशाला तबेल्यातल्या कामाचा एकही गुण मिळत नाही. परळला नाही, शिरवळला नाही, नागपूर, परभणी, उदगीरलाही नाही. ही सगळी महाविद्यालयं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, आणि यादी लागते नीटच्या गुणांवर. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, ते तुझं झालंच आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच वहीत लिहून ठेव. नीटचा फॉर्म भरला म्हणजे पशुवैद्यकचा अर्ज झाला असं नसतं. राज्याच्या जागांसाठी विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरायचा. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, तिची नोंदणी आणखी वेगळी. चांगले गुण असून तारीख चुकलेली मुलं माझ्याकडे रडत आलेली आहेत.

आता दुसरं. दोन ड्रॉपच्या बापांचं म्हणणं खोटं नाही, तरी मी तुला काम पूर्ण सोड असं सांगणार नाही. कारण तुझे सायस काका जे करतात ते साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी, इंटर्नशिपमध्ये, आम्ही मुलांना घसा फोडून सांगतो. जनावराला हात लावण्याआधी लांबून बघ. उभं कसं आहे, वजन कुठल्या पायावर आहे, कान कुठे आहेत, चारा किती उरलाय, शेण किती पडलंय. मुलं ऐकतात आणि थेट थर्मामीटर काढतात. निरोगी घोडा रोज पहाटे कसा दिसतो हे तुझ्या डोळ्यांत पाच महिने मुरलंय. ते पुस्तकातून येत नाही आणि नंतर घाईने भरूनही काढता येत नाही.

चांदणीच्या नाकातून नळी का घातली हे डॉक्टरांनी तुला सांगितलं का? नसेल तर मी सांगतो, बायोलॉजीलाही कामी येईल. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू फार घट्ट असतो. पुढे वाट अडली आणि जठरात द्रव, वायू साचत गेला तर तो वर यायला रस्ताच नाही, जठर फुटू शकतं. म्हणून आधी नळी घालून ते मोकळं करायचं. गाईला चार कप्प्यांचं पोट, तिचं आंबवण्याचं काम पुढेच होतं. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, आणि चारा आंबतो तो मागे, अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात. त्या मोठ्या आतड्याला एका ठिकाणी चिंचोळं वळण आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कमी प्यायलं, चारा कोरडा, की गोळा तिथे अडकतो. निरोगी मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी २८ ते ४४. ५६ म्हणजे दुखतंय. ती चढत चढत ८० कडे गेली असती तर डॉक्टरांचा चेहरा तुला वेगळा दिसला असता. घोड्याला पित्ताशयही नसतं, हे मात्र परीक्षेत कोणी विचारणार नाही.

नाडी दोनदा मोजलीस हे फार चांगलं केलंस.

गिरगावची_आई

माझी मुलगी अकरावीत आहे, तिलाही हेच वेड. मला मात्र भीती वाटते. ४५०-५०० किलोचं जनावर, एक लाथ बसली तर? आणि घोड्यांपासून माणसाला कुठले रोग होतात? डॉक्टर, कृपया सांगाल का. मुलीला नाही म्हणायचं नाहीये, पण काय काळजी घ्यायची ते तरी कळू दे.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, भीती योग्य आहे. भीती गेलेला माणूस तबेल्यात जास्त लाथा खातो.

घोड्याला डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. मागून जावंच लागलं तर एक तर लांबून, नाहीतर अगदी अंगाला चिकटून, पाठीवर हात ठेवून. अर्ध्या अंतरावर लाथ सगळ्यात जोरात बसते. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. घोडा बुजला की हातासकट नेतो, मी बोटं गेलेली पाहिली आहेत. चप्पल घालून तबेल्यात पाऊल टाकायचं नाही.

धनुर्वाताची लस घेतलेली हवीच. त्याचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतातच, आणि घोडा स्वतः या रोगाला फार लवकर बळी पडतो. रेबीजची आगाऊ लस पशुवैद्यकच्या मुलांनी घ्यावी असं माझं मत. गजकर्ण होऊ शकतं, ते टाळायला आंघोळ आणि स्वच्छ कपडे ठेवायचे. ग्लँडर्स हा गंभीर रोग आहे, माणसालाही होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी फुटलेल्या असा घोडा दिसला तर हात न लावता डॉक्टरांना सांगायचं. एका घोड्याची बादली आणि तोबरा (दाण्याची पिशवी) दुसऱ्याला वापरायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून.

ओहायोवासी

भारतातला प्रवेश वर डॉक्टरांनी सांगितला. पण पुढे कधी अमेरिकेचा विचार केलास तर हेच काम सोन्याच्या मोलाचं ठरतं, म्हणून आमचा अनुभव लिहिते. माझी मुलगी गेल्या वर्षी इथल्या व्हेट स्कूलच्या अर्जातून गेली.

इथे आधी पदवीचे विषय पूर्ण करायचे, मग चार वर्षांचं डी.व्ही.एम., म्हणजे इथली पशुवैद्यकाची पदवी. बहुतेक कॉलेजांचा एकच सामाईक अर्ज असतो. त्यात जनावरांसोबतचं काम आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचं काम असे दोन वेगळे रकाने. तू लीद काढलीस, खरारा केलास, चालवलंस ते पहिल्यात. डॉक्टर आले तेव्हा तू दोरी धरलीस ते दुसऱ्यात. शिवाय कमीत कमी तीन जणांची शिफारस लागते. माझ्या मुलीने पहिल्या दोन वर्षांचे तास लिहूनच ठेवले नव्हते. नंतर जुने मेसेज चाळून, तबेल्याच्या मालकिणीला विचारून आकडे जुळवले. बरेच तास तिने शेवटी सोडून दिले, कारण खात्री नव्हती आणि खोटं लिहायचं नव्हतं.

म्हणून आजपासून एक वही कर. तारीख, किती तास, काय केलं, सोबत कोण. परदेशी जायचं नसलं तरी कर. आणि खर्चाबद्दल स्पष्ट सांगते : इथलं हे शिक्षण फार महाग आहे, आम्ही अजून कर्जात आहोत. परळला मिळत असेल तर परळच.

नालबंदाचा_नातू

धागा वाचून खूप दिवसांनी आजोबांची आठवण आली. ते मुंबईत नालबंद होते. व्हिक्टोरियाचे (घोडागाड्यांचे) घोडे, लग्नाचे घोडे, कधी रेसचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो, भाता मारायला.

त्यांचं एक सांगतो. रस्त्यावरून घोडागाडी येत असली की ते मान वर करायचे नाहीत. टापा ऐकायचे. चार आवाज सारखे आले पाहिजेत. एखादा हलका पडला की म्हणायचे, उजवा पुढचा दुखतोय. गाडीवाला आश्चर्याने थांबायचा.

खुराची भिंत महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढते, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासावाच लागतो, नाल झिजली नसली तरीही. तळव्यात कडेने एक पांढरी रेघ असते. खिळा त्या रेघेच्या बाहेर जायला हवा. बाहेरचा भाग आपल्या नखासारखा, त्याला वेदना नाही. रेघेच्या आत गेला की जिवंत भागाला लागतो. लागलेला खिळा कधीकधी त्या क्षणी कळत नाही. आजोबा म्हणायचे, नाल मारल्यावर तीन-चार दिवसांनी घोडा लंगडला तर पाय वर कुठेही शोधत बसू नका, आधी माझा खिळा बघा. दुसऱ्या नालबंदाचा नव्हे, "माझा". हे सांगायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

जून २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं, तेव्हा आजोबा नव्हते. वडिलांनी धंदा आधीच सोडला होता. मला दोन्ही वाटतं. ते घोडे गेटवेला डांबरावर, उन्हात, पाण्याशिवाय उभे असलेले मी पाहिलेत. त्यांचे सांधे कसे जायचे ते आजोबांकडून ऐकलंय. ते थांबलं हे बरंच झालं. पण त्या गाड्यांबरोबर जी माणसं गेली त्यांच्या कानात, हातात जे होतं ते कोणी लिहून घेतलं नाही. तू काकांचं लिहून घे. ओहायोवासींनी सांगितलेल्या वहीत तासांबरोबर हेही लिही.

दस्तुरीनाका

माथेरानहून लिहितोय. आमची तीन घोडी आहेत, वडिलांच्या आधीपासून हाच धंदा. गावात मोटारी नाहीत, पर्यटक मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरीपासून घोड्यावर, रिक्षात नाहीतर पायी.

ताई, तुम्ही रायडिंगचे घोडे बघताय. त्यांना भुसा, पंखा, वेळेवर नालबंद मिळतो. एकदा कामाचे घोडे बघायला या. इथे लाल माती आणि जांभा दगड. चढउतार दिवसभर. खोगिराखाली घाम साचून जखमा होतात, त्या बऱ्या व्हायच्या आत सीझन येतो. घोड्याच्या मालकाला कळत नाही असं नाही, सगळं कळतं. पण मेच्या पंधरा दिवसांत घोडा बसवला तर पावसाळ्याचे चार महिने खायचं काय, हा प्रश्न असतो. डॉक्टर येतो आणि म्हणतो, दहा दिवस विश्रांती. तो बरोबर असतो. पण खोगिराखाली घडी कशी घालायची, जखमेवरचा दाब कसा काढायचा, कुठल्या घोड्याला हलकी फेरी द्यायची, हे सांगणारा डॉक्टर आला तर आमची माणसं त्याचं ऐकतात. तुम्ही तसं व्हा एवढंच.

टापांचा_आवाज

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. दस्तुरीनाका दादा, तुमचं लिहिलेलं वाचून आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. परीक्षा झाल्यावर नक्की येईन.

डॉक्टर, एक शंका. आमच्याकडे एक घोडा आहे, त्याला यंदा ऑक्टोबरात घामच येत नाही. बाकीचे धावून आले की मान फेसाने पांढरी होते आणि हा कोरडा, नुसता धापा टाकतो. काका त्याला सरळ सावलीत नेऊन पाणी ओततात आणि "याचा घाम सुकलाय" म्हणतात. हा खरंच आजार आहे की काकांची समजूत?

निवृत्त_पशुवैद्य

काकांनी अचूक निदान केलंय. पुस्तकात याला अनहायड्रोसिस म्हणतात. उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशात दिसतो, त्यामुळे मुंबईच्या घोड्यांत आश्चर्य नाही.

घोडा हा घामावर जगणारा प्राणी. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, घोड्याचा मुख्य आधार घाम. जोरात पळताना तासाला दहा लिटरच्या वर घाम जाऊ शकतो. आपल्या घामापेक्षा त्यात क्षार जास्त, म्हणून घामट घोड्याला नुसतं पाणी पुरत नाही, मीठ लागतं. त्यात लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं, साबणासारखं. त्यामुळे घाम केसांतून पसरतो आणि लवकर सुकतो. तुला मानेवर दिसतो तो फेस त्याचाच.

आता मुंबईत हवेतच पाणी भरलेलं. घाम येतो पण सुकत नाही, अंग गार होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढायला सांगतं. असं महिनोन्‌महिने चाललं की काही घोड्यांच्या घामग्रंथी त्या हुकमाला दाद देईनाशा होतात. मग तो घोडा आतल्या आत तापतो. विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असलेलं तापमान थोड्याशा कामाने ४० च्या पुढे जातं. खात्रीचं औषध नाही. पहाटेच काम, सावली, पंखा, पाणी, क्षार, आणि जमलं तर थंड हवेच्या गावी मुक्काम. रेसचे घोडे पावसाळ्याच्या हंगामाला पुण्याला जातात आणि मुंबईचा हंगाम थंडीत असतो, त्याची कारणं इतरही आहेत, पण घोड्याच्या अंगाला ते सोयीचंच पडतं. त्याचं तापमान कामाआधी आणि कामानंतर आठवडाभर मोजून डॉक्टरांना दाखव.

या निमित्ताने आणखी एक सांगतो, कारण तुझा ओढा घोड्यांकडेच आहे हे दिसतंय. परळचं कॉलेज १८८६ चं. त्या काळी मुंबईत घोडा म्हणजे आजची बस, टेम्पो आणि टॅक्सी. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेची ट्राम येईपर्यंत धावत होती. त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरच्या हाताखाली रोज घोडेच. आज तू पास होऊन एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात बसलीस तर तुझ्यासमोर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी येईल. घोडा महिन्यातून एखादा. म्हणून रविवारी कधीतरी आरेतल्या म्हशींच्या गोठ्यात जा. म्हशीचा रवंथ ऐक, तिच्या कुशीवर मूठ ठेवून पोटाची हालचाल मोज. ते काम तुला आवडलं नाही तर आत्ताच कळलेलं बरं.

घोड्यांचंच काम करणारे पशुवैद्य असतातच. रेसकोर्स, पुण्याच्या बाजूचे स्टड फार्म (घोड्यांच्या पैदाशीचे), लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, हिस्सारचं अश्व संशोधन केंद्र. आणि एक जागा लोकांना आठवत नाही : सर्पदंशावरचं प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषाची अगदी थोडी थोडी मात्रा घोड्याला देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, त्यातून ते औषध बनतं. शेतात साप चावलेला माणूस वाचतो तेव्हा त्यामागे एक घोडा आणि त्याची निगा राखणारा पशुवैद्य असतो.

शिरवळ_दुसरं_वर्ष

मी सध्या शिरवळला दुसऱ्या वर्षाला आहे. मीही ड्रॉप घेतला होता आणि त्या वर्षी माझ्या काकांच्या गोठ्यात काम करायचो, म्हणून लिहितो.

रोज जाऊ नकोस. मी आठवड्यातले तीन दिवस ठरवले होते आणि बाकीच्या दिवशी त्याच वेळी, म्हणजे पहाटे पाचलाच, फिजिक्स घेऊन बसायचो. उठायची सवय मोडत नाही आणि डोकं तेव्हा ताजं असतं. नीटमध्ये बायोलॉजीचे ९० प्रश्न आहेत, ते आपल्यासारख्यांना जड जात नाहीत. माझा निकाल फिरला तो फिजिक्सच्या ४५ मध्ये. मॉक टेस्टच्या दिवशी गोठा बंद, हे घरी लिहून दिलं होतं. आईने फ्रिजवर चिकटवलं होतं.

आणि इथे आल्यावरचं सांगतो. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात हाडांचा ढीग समोर असतो. ज्यांनी जनावर कधी हाताळलं नव्हतं ते पाठ करत होते. मला गाईचा पाय दुमडताना तो सांधा कसा फिरतो हे हाताला माहीत होतं, त्यामुळे हाड कुठलं ते लगेच कळायचं. त्याचे मार्क मला प्रवेशाला मिळाले नाहीत, ते इथे आल्यावर मिळाले.

दोन_ड्रॉपचा_बाप

शिरवळच्या मुलाने जे लिहिलंय ते मला पटलं. तीन दिवस आणि मॉकच्या दिवशी बंद, असं असेल तर माझी हरकत मी मागे घेतो. मुलीच्या बाबांना हे वाचायला द्या. आणि त्यांच्याबद्दल मनात ठेवू नका. त्या रात्री त्यांनी जे म्हटलं ते बहुतेक भीतीपोटी म्हटलं असणार.

टापांचा_आवाज

बाबांनी वाचलं. काही बोलले नाहीत, पण सोमवार, गुरुवार, शनिवार असं स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहून दिलं. रविवारी आरेला एका ओळखीच्यांच्या गोठ्यात जाऊन आले. म्हशीने पहिल्यांदा मला शेपटीने झोडलं, पण रवंथ ऐकला. मूठ ठेवून मोजलं, दोन मिनिटांत तीन लाटा आल्या. मला ते काम आवडलं.

आज गुरुवार. एक सांगायचंय. सोनेरी नावाचा घोडा, त्याला रविवारी नाल मारली होती. आज पहाटे काकांसारखी मीही आधी नुसती चालत गेले. सोनेरी डावा पुढचा पाय जरा पुढे टाकून उभा होता, टाच टेकवत नव्हता. काका अजून आले नव्हते. मी खुराला हात लावला, उजव्यापेक्षा गरम लागला. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोटं ठेवली तर नाडी धडधडत होती, दुसऱ्या पायाला ती शोधावी लागत होती. मला नालबंदाच्या नातवाचं वाचलेलं आठवलं. काका आल्यावर सांगितलं, त्यांनी खिळ्याखिळ्यावर हलकेच ठोकून बघितलं. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्याला सोनेरीने पाय ओढून घेतला. डॉक्टर आणि नालबंद दोघांनाही फोन झालाय, दहापर्यंत येतील. मी क्लासला निघालेय, आज टेस्ट आहे.

नालबंदाचा_नातू

खिळा निघाला की त्याच्या भोकातून काय आलं ते संध्याकाळी कळव. काळपट पाणी आलं तर चांगलं, साचलेलं बाहेर पडलं.

निवृत्त_पशुवैद्य

आणि त्याला धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते रजिस्टरमध्ये बघायला काकांना सांग. खुरातली जखम आहे, आजच बघायला हवं.

टापांचा_आवाज

काळं पाणी आलं, बरंच. काकांनी खूर मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवला आणि वरून पट्टी बांधली. लस गेल्या वर्षी नोव्हेंबरात दिली होती, म्हणजे वर्ष होतच आलंय, डॉक्टरांनी आजच बूस्टर दिला. सोनेरी संध्याकाळी टाच टेकवून उभा होता असं काकांचा फोन आला. टेस्टला ५८१ पडले, फिजिक्समध्ये अजून कमी आहेत.